बोरीचा पाला

सोहारला आले तेव्हा पहिले तीन महिने
मोरीची जाळी रोज हिशेब द्यायची,
आज इतके गेले.
शेजारणी सांगत, इथलं पाणी समुद्राचं, ते केस खातं.
मी बी.एस्सी. केमिस्ट्री, जतची.
पुराव्याशिवाय पाण्यावर आळ घेणं मला पटेना.

मग थुरय्याच्या कारखान्यात लागले.
कारखाना म्हणजे गॅरेज, दोन पातेली, एक काटा,
आणि फळ्यांवर सांडग्यांसारख्या वाळत पडलेल्या वड्या.
पहिल्याच दिवशी तिने विचारलं, कॉस्टिक हाताळता येतो?
म्हटलं, येतो. पाण्यात कॉस्टिक घालायचा,
कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही.
उलट केलं तर तो अंगावर येतो.
ती म्हणाली, माझा नवरा तसाच होता.
संरक्षक चष्म्यांच्या आत आम्ही दोघी हसलो.

खोबरेल भरपूर फेस देतं,
पण त्याच्या एकट्यावर सोडलं तर केसांचा काथ्या करतं.
एरंडेल त्या फेसाला धरून ठेवतं.
ऑलिव्ह मुखदुर्बळ, चाळीस दिवस वाळल्यावर कुठे बोलू लागतं.
तेल आणि क्षार एकमेकांना भेटले
की दोघंही आपापलं नाव सोडतात.
लोक विचारतात, यात सोडा आहे का हो?
होता. आता नाही.
हे उत्तर कुणाला पुरत नाही.

पट्टी बुडवली की साडेनऊचा रंग येतो.
केसांना आवडतं साडेपाच.
म्हणून शेवटी तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर,
हे पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही,
आणि आठवड्याने फोन येतो, केस चिकट झाले.

दुसरी एक वडी आहे, तिच्यात
सोडियम कोकोइल आयसेथायोनेट.
एवढं नाव वाचूनच गिऱ्हाईक पाकीट खाली ठेवतं.
मी सांगते, अहो, हेही नारळाचंच नातवंड,
फक्त शहरात शिकलेलं. केसांशी जास्त सभ्य वागतं.
पण त्यांना 'नैसर्गिक' हवं असतं,
आणि त्या शब्दात बुडवायला माझ्याकडे पट्टी नाही.

थुरय्याची आई, उम्म हमूद, मागच्या दारी
सिद्रचा वाळलेला पाला कुटायची.
हिरवी पूड, ओली केली की हातावर शेवाळी फेस.
मी फांदी पाहिली, काटे पाहिले,
आणि जतचा अख्खा माळ आठवला.
अगं, ही तर बोर!

तिला सांगितलं, आमच्याकडे पहिल्या संक्रांतीला
बाळाला काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने,
आणि डोक्यावरून बोरं ओततात,
चुरमुरे, गोळ्या, सगळंच.
बोरन्हाण म्हणतात.
म्हातारी बराच वेळ पूड चाळत राहिली.
मग काहीतरी म्हणाली. थुरय्याने मला सांगितलं,
आमच्याकडे शेवटच्या आंघोळीला. याच झाडाचा पाला.
आणि काटा शून्यावर आणून ती कामाला लागली.

जुलैत उम्म हमूद गेली.
पहाटे फोन आला, गॅरेज उघड, चाळलेली पूड घेऊन ये.
मी विचारलं, किती ग्रॅम?
पलीकडे पंख्याचा आवाज.
मोजू नकोस, थुरय्या म्हणाली.

मी डबा दारात दिला.
आतल्या बायका आत गेल्या, दार लागलं,
पाण्याचा आवाज सुरू झाला.
मी गल्लीत उभी, सावली शोधत,
नखांत हिरवं.

घरी आले. या दिवसांत टाकीचं पाणी चटका देतं,
म्हणून गिझर बंद ठेवून त्यात साठलेलं गार पाणी वापरतात.
तेवढ्याच पाण्यात केस धुतले,
कोपरे झिजलेल्या जुन्या वडीने.
तिच्यावर कापताना उमटलेला
म्हातारीचा अंगठा अजून होता. नंतर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मस्कतहून एक बाई फोनवर,
खरं सांगा, याने केस गळायचे थांबतील का?
नाही, म्हटलं.
धुतले जातील.