एक जून

आमच्या कॉलेजात एक जूनला जन्मलेले सात जण.
दोन शिपाई, ग्रंथालयातल्या मोगलबाई, भूगोलाचे खैरनार,
प्रयोगशाळेतले दोघे, आणि जिमखान्याच्या टेबलावरचा मी.
पहिलीत नाव घालताना कुठल्या तरी गुरुजींनी
आयांच्या तोंडाकडे बघून साल लिहिलं,
महिना शाळा उघडण्याचा.
म्हणून आम्ही निवृत्तही घोळक्यानं होतो,
एकतीस मेला, एकाच हारात दोघं-दोघं.

देवकी गांगोडेही एक जूनची.
पेठच्या पलीकडचं गाव, एकटीची होडी, दोन वल्ही.
आई म्हणते, गावात एसटी पहिल्यांदा आली त्या सालची.
एसटी कधी आली
ते मी डेपोत विचारलं नाही.

जागतिक विद्यापीठ स्पर्धेचा अर्ज अकरा पानांचा.
पान चार: अंतिम तारखेस
वयाची पंचवीस वर्षे पूर्ण झालेली नसावीत.
अंतिम तारीख: एकतीस मे, रात्री बारा, तिथल्या घड्याळानुसार.
तिथलं म्हणजे स्वित्झर्लंडात एका तळ्याकाठचं कार्यालय.
त्यांच्याही खिडकीतून होड्या दिसत असतील.
आपल्या गंगापूर धरणात मे अखेर पाणी इतकं मागे जातं
की पोरी होडी डोक्यावर घेऊन
भेगाळ गाळातून अर्धा किलोमीटर चालतात
आणि मग दोन हजार मीटर मारतात.
त्या चालण्याला अर्जात रकाना नाही.

पुण्याहून कुलसचिवांची सही रात्री साडेनऊला आली,
तिरकी स्कॅन झालेली.
दिल्लीचा माणूस म्हणाला, पासवर्ड पाठवतो, जेवून.
तो फार सावकाश जेवला.
बारा वाजले.
टेबलावर दुपारचा हार सुकत होता,
शाल खुर्चीच्या पाठीला.
मी निवृत्त झालो.
समोर बाकावर बसल्या बसल्या देवकी पंचवीसची झाली.
वॉचमन देवरे म्हणाला, साहेब, तारीख गेली ना आता?

मी भिंतीवरच्या घड्याळातून साडेतीन तास वजा केले.
बोटांवर, दोनदा.
तळ्याकाठी अजून मे महिना होता.
तिथे ती चोवीसची होती,
आणि तिथे मी नोकरीत होतो.

हे असं वय कुणी कुणाला दिलेलं मी पाहिलं नव्हतं.
छत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो,
उद्या या, साहेब रजेवर आहेत, शिक्का पुसट आहे.

एक वाजता सातपूरकडची लाइट गेली, आपली राहिली.
फोटो मोठा आहे म्हणून परत आला.
लहान केला, तर लहान आहे म्हणून.
दाखला चढवताना माझा अंगठा
जन्मतारखेवर आडवा आला होता, आणि स्कॅनमध्येही आला.
पुन्हा काढला.
तीन वाजून एकवीस मिनिटांनी एक क्रमांक आला, चौदा आकडी.
तो मी हाराच्या पुड्याच्या कागदावर लिहिला.
देवकी बाकावर झोपली होती,
झोपेतही मुठी वळलेल्या, अंगठे आत.

उठवलं. ती म्हणाली, झालं? मग चला, साडेपाचला पाणी शांत असतं.

धरणावर उजाडलं तेव्हा
देवळालीकडून तोफांचा सराव सुरू झाला होता.
गाळातून होडीचं एक टोक मी धरलं,
बूट तिथेच रुतले, राहू दिले.
ती बसली, पट्टे आवळले,
शेवटाकडे पाठ केली.

वल्हं मारणारा जातो तिकडे बघत नाही.
ती बारीक होत गेली आणि तोंड माझ्याकडेच होतं,
बराच वेळ, मग तोंड आहे की नाही ते कळेना.

मी अनवाणी काठाला उभा.
खिशात काहीतरी टोचलं म्हणून हात घातला,
तर जिमखान्याची किल्ली.
परत करायची राहिली होती.