ओढणारी चाकं

पेल्कीच्या आवारात दोन गाड्या शेजारी शेजारी,
वायपरांत मेपलची पानं अडकलेली.
निळी : पुढची दोनच चाकं ओढतात.
सत्तर हजार मैल, एकाच शिक्षिकेच्या हातचे.
करडी : चारही ओढतात.
एक लाख चाळीस हजार मैल,
मालक किती झाले ते पेल्की सांगत नाही.
आणि तरीही करडीच अठराशे डॉलरने महाग.

मी पियानोंना सूर लावतो.
व्हरमाँटच्या या डोंगरांत
डांबर संपतं तिथून पुढे पियानो सुरू होतात.
ज्या घरांत आता कुणी वाजवत नाही
आणि तरी बर्फ पडायच्या आत
न चुकता सूर लावून घेतात,
ती घरं सगळी वर.

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, चार.
यात विचार कसला करायचा?
ती ॲरिझोनात राहते.
तिच्याकडे बर्फ असतो तो ग्लासात.

पेल्कीने टोपी मागे सरकवली.
(खोटं बोलताना तो ती पुढे ओढतो.)
"करडी तुला कुठेही वर नेईल, ऑर्व्हिल.
पण ब्रेक मारलास की सगळ्या गाड्या सारख्या.
थांबवायला खाली रबर असतं, आणि वर देव."

हे मला माहीत होतं.
दोन वर्षांपूर्वी मेहुण्याची चारचाकी ओढ घेऊन
गलूशांच्या टेकडीवर बकरीसारखा चढलो होतो.
चढताना वाटलं, अजून तरुण आहे मी.
उतरताना आधी हत्यारांची पेटी घसरली,
मग नमदा, मग ट्यूनिंग फोर्क,
आणि शेवटी आम्ही सगळेच, सावकाश,
अगदी अदबीने,
त्यांच्या टपालपेटीत.

तरी करडी चालवून पाहिली.
चाळिसाच्या वेगाला मागच्या ॲक्सलमधून
एक सूर यायला लागला.
पाय दाबला की चढायचा,
उचलला की उतरायचा,
आणि कुठल्याच पट्टीत नीट बसायचा नाही.
"ऐकलंस?"
"मला रेडिओ ऐकू येतोय," पेल्की म्हणाला.

उतरून टायर पाहिले.
तीन झिजलेले, चौथा नवाकोरा.
चौघांनी खांदा द्यायचा
आणि एकाचाच खांदा उंच :
ओझं तिरकं होणारच,
भांडण आत, गिअरांत.

निळी घेतली.
उरलेल्या पैशांत हिवाळी टायर, चारही सारखे,
डिकीत वाळूची गोणी, एक फावडं.
जानेवारीत गलूशांकडे गेलो.
टेकडीच्या पायथ्याशी गाडी ठेवली,
पेटी खांद्यावर टाकून चालत चढलो.
हाही एक प्रकारचा ड्राइव्हच.

पण इथे हिवाळा आणि वसंताच्या मधे
आणखी एक ऋतू असतो, चिखल नावाचा.
कॅलेंडरवाले तो छापत नाहीत.
एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
आर्डिस कोलबर्नच्या फाटकाबाहेर
निळी पोटापर्यंत रुतली.
पुढची दोन चाकं खणत होती,
मागची दोन नुसती बघत होती.
खिडकीतून आर्डिसही बघत होती,
हातात कप,
चेहऱ्यावर आश्चर्य असं काही नाही.

तिचा भाचा ट्रॅक्टर घेऊन आला.
साखळी ताणली गेली, गाडी हलली,
एक बूट मात्र अजून तिथेच आहे.
मी मोज्यांवर बसून तिचा पियानो लावला.
खालच्या सप्तकातल्या दोन तारा
दरवर्षीसारख्या हट्टाला पेटल्या होत्या.
तिने पैसे पुढे केले,
मी ते भाच्याला दिले,
त्याने ते तिच्याच फ्रिजवर ठेवले.

रात्री मुलीचा फोन.
"मग शेवटी किती चाकं लागली?"
मी खरं तेच सांगितलं :
माझी दोन, ट्रॅक्टरची मागची दोन.
"म्हणजे चारच ना, बाबा."

मी काही बोललो नाही.
बाहेर निळीच्या अंगावरचा चिखल वाळत होता,
मधूनच एखादं ढेकूळ
खडीवर पडायचं.