एकशे ऐंशी व्होल्ट

मे महिन्याची दुपार. गोळीबार चौकात
डांबर चपलेला सोडत नाही.
शालिक पराते, मोटार रिवाइंडिंग : दुकान सात फूट रुंद,
आणि दारात रेखलाल कनोजे, हातात इस्त्री,
मोडलेली सोयरीक परत करायला आल्यासारखे.

"कौतिके, तुह्या बापानं कॉइल खोटी टाकली.
तापतच नाही ना बाप्पा!
लग्नाचे कपडे पडून हायेत,
गिऱ्हाईक माह्या उरावर बसून राहिलं."

बाबा काही बोलले नाहीत.
मार्चपासून ते कमीच बोलतात. उजवा हात
मांडीवर ठेवलेला असतो, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.
त्यांनी हनुवटीने फक्त मीटर दाखवला.

मी लावला. एकशे ऐंशी.
कोराडी इथून कितीशी लांब,
पण वाटेत हजार खिडक्यांतले कूलर
उसात तोंड घालावं तशी वीज खातात
आणि आमच्या गल्लीला उरतो चोथा.
मग वायरीला चिमटा लावला : तीन पूर्णांक चार अँपिअर.

खडू घेतला. शटरवर लिहिलं.
"बघा काका, एकशे ऐंशी भागिले तीन पूर्णांक चार.
बावन्न पूर्णांक नऊ, त्रेपन्नच धरा.
हा कॉइलचा स्वभाव. तो बदलला नाही."
वहीतही त्रेपन्न ओहमच होते, अकरा फेब्रुवारी, निळी शाई,
बाबांच्या उजव्या हाताचं शेवटचं
सरळ अक्षर.
मी वही पटकन मिटली.

"आता गुणा. एकशे ऐंशी गुणिले तीन पूर्णांक चार,
सहाशे बारा वॅट. इस्त्री हजाराची."
"मंग माहे चारशे गेले कुठं?"
त्यांनी असं विचारलं की जणू मीच गल्ल्यातून काढले.

"दाब उतरला तसा करंटही उतरला, काका.
गुणाकारात दोघंही बसलेत, म्हणून फटका दोनदा.
घरातला एक कमावता आजारी पडला
की दुसऱ्याचेही खाडे होतात, तसं."

बोलून गेले, आणि मग शटरकडे बघत
उगाच एक आकडा पुन्हा गिरवला.

"पहाटे चारला करा इस्त्री," बाबा म्हणाले.
महिन्याभरातलं सगळ्यात लांब वाक्य.

कनोजे गेल्यावर टेबलावर कूलरची मोटार राहिली.
तिची कॉइल मोजली तर तीस ओहम,
भागाकार म्हणतो साडेसात अँपिअर ओढेल,
चालताना ओढते पाऊण.
आयटीआयत सरांना विचारलं तर म्हणाले, पुढच्या वर्षी.
बाबांना कधीतरी विचारलं होतं, ते म्हणाले होते,
"फिरते ना ते. फिरते म्हणूनच अडवते.
जाम झाली का अडवणं संपलं,
मंग करंट घुसते. मंग जळते."

लहानपणी त्यांनी मागासाठी कांड्या भरल्या,
करवती काठाचा धागा याच बोटांवरून गेला.
मग माग विकले, तांबं आलं.
ते म्हणायचे, सूत तुटलं तर गाठ मारता येते,
तांब्याला गाठ चालत नाही.
आता डाव्या हाताने ते हँडल फिरवतात,
मी वेढे मोजते. दोनशे सतराला ते थांबतात,
घाम पुसतात, आणि मी
दोनशे सतरा, दोनशे सतरा म्हणत राहते,
आकडा निसटू नये म्हणून.

पहाटे जाग आली ती पंख्याच्या आवाजाने.
तो भरून वाजत होता.
अंधारातून बाबा म्हणाले, "दोनशे पंचवीस."
मी चाचपडत मीटर लावला. दोनशे बावीस.
"तीनचा फरक," मी म्हटलं.
"मीटर तपासून घे," ते म्हणाले.

समोर कनोज्यांचा दिवा लागला होता.
कापडावर पाण्याचा शिपका, मग चर्रर्र.
पडल्या पडल्या मी हिशेब केला :
चार पूर्णांक दोन, गुणिले दोनशे बावीस,
नऊशे तीसच्या आसपास.