नाव घातलेला डबा

बोहरी आळीच्या तोंडाशी बसायचा तो,
भांड्यांवर नावं घालणारा.
अक्षराला चार आणे.
कालिंदीने घालून घेतलं: वि. गो. तांबट, भूशास्त्र विभाग.
'शास्त्र'मधला त्र चुकला. पैसे त्याने पुरतेच घेतले.
आमच्या घरात पिढ्यानपिढ्या तांबं ठोकलेलं,
आणि डबा स्टीलचा.

तो घेऊन मी हिमनदीवर गेलो,
कॉलेजच्या तुकडीत लॅब अटेंडंट म्हणून,
चंद्रा नदीच्या पार वरच्या अंगाला.
डब्यात शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या दशम्या.

सोवनीबाई म्हणाल्या, तांबट, हे सगळे दाबलेले हिवाळे आहेत.
हिम पडतं, ते संपवायला उन्हाळा पुरत नाही,
त्यावर पुढल्या सालचं, त्यावर त्याच्या पुढचं.
खालच्याचे कोपरे झिजून साखरेसारखा दाणा होतो,
दाण्याला दाणा चिकटतो, मधली हवा
थोडी निसटते, थोडी बुडबुड्यात कोंडून राहते,
आणि मग आपल्याच भाराने
तो बर्फ निळा पडतो आणि चालायला लागतो.

चालतो?
मला तर पर्वतीच्या पायरीहून पक्का वाटला.

नऊ बांबू रोवले आम्ही, या काठापासून त्या काठापर्यंत,
कवायतीच्या पोरांसारखे सरळ रांगेत.
पुढल्या वर्षी पाहतो तर रांगेचं धनुष्य झालेलं.
मधला बांबू अकरा मीटर पुढे,
कडेचे, खडकाला घासत, जवळजवळ तिथेच.

त्याच फेरीत डबा भेगेत पडला.
टण. टण.
आणि बऱ्याच वेळाने आणखी एक.
बाई हसल्या, वहीत आकडे मांडले:
तोंडापर्यंत सहाशे मीटर, वर्षाला अकरा.
पंचावन्न वर्षांनी या न्यायला.

पोटाखाली दगड धरून जाते ती,
आणि त्या दगडांनी खालच्या कातळावर नावं घालते,
सगळ्या रेघा एकाच दिशेच्या, अक्षर एकही नाही.
अरुंद दरीची परात करून टाकते.
आणि उचललेलं सगळं तोंडाशी आणून ओतते,
पिठासारखी माती, गोटे, खोलीएवढे धोंडे,
निवडणं-पाखडणं काही नाही.

सकाळी मी वेताळ टेकडीवर जातो.
इथला कातळ आगीचा, थरावर थर निवलेला.
इथे बर्फ कधी चालला नाही, ठाऊक आहे,
तरी गुडघा धरून खाली बसतो, रेघा शोधतो.
खाणीच्या काठाला एकदा सापडल्या.
जेसीबीच्या दातांच्या होत्या.

कालिंदीला जाऊन नऊ वर्षं झाली.
बाईंची विद्यार्थिनी, अस्मा, अजून तिकडे जाते.
परवा फोनवर म्हणाली, काका, तोंड फार मागे सरकलंय,
तुमची रंगाची खूण आता
कोरड्या गोट्यांत एकटी उभी आहे.

मी बाईंची वही काढली.
चौथीतलं गणित: दोन गावांहून निघालेली दोन माणसं
कुठे भेटतील?
डबा खाली येतोय. तोंड वर येतंय.
एकवीस वर्षं उरायला हवी होती, उरली सहा-सात.

म्हणजे मी असेन.
म्हणजे तो हातात येईल, चेपलेला,
आणि अंगठ्याने चाचपून बघता येईल
चुकलेला त्र राहिलाय का.

एवढा बर्फ चाललाय पाणी होऊन,
आणि मी उत्तराखाली पेन्सिलीने
बरोबरची खूण केली.

मग बराच वेळ
खोडरबर शोधत बसलो.