दिवा विझेपर्यंत

थ्री फेजचा अर्ज मंडळाच्या टेबलावर
आठ महिने पडून आहे, वर पेपरवेट ठेवून.
मोटर मात्र इथं, उद्यमनगरात,
माझ्या दहा बाय अठराच्या गाळ्यात.
दोन हॉर्सची. शाहूपुरीच्या जुन्या शेडात
पुराच्या पाण्यात तीन दिवस बसलेली,
मग भरून आणलेली.
दुपारी पत्रा तापला की
अजून वार्निशचा वास सोडते.

नसीमा म्हणाली, "दोन वायरी आत, तीन बाहेर.
मधलं सगळं डबा बघतो."
हमीद शिकलगारची पोरगी.
डबा घेऊन यायची तेव्हा
पितळी चुऱ्यातनं गोल गोल कीस वेचायची, बांगडी म्हणून.
आता आयटीआय झालीय,
पाना तोंडात धरून बोलते.

मोटरच्या पाटीवर गाळ धरला होता,
नखानं खरवडून तिनं आकडे वाचले.
झाकण काढलं. पट्ट्या आडव्या होत्या, त्या उभ्या केल्या.
स्टारची डेल्टा.
"आणि काका, ह्या तीन स्क्रूवर मेन लावायची न्हाई कधी.
लावली की धूर. आठ हजाराचा."
अर्थिंगची हिरवी वायर तिनं दोनदा ओढून बघितली,
तिसऱ्यांदा मला ओढायला लावली.

मग बटणं दाबत बसली.
पन्नास. मोटरचे अँपिअर. वेग धरायला दहा सेकंद.
मी मनात म्हटलं, दहा सेकंद कशाला,
आजवर ही खटका मारला की ताडकन उठायची
आणि गाळ्यातला बल्ब पिवळा व्हायचा.

चक फिरला. उलटा.

आट्याचा चक, उलटा फिरला तर
सुटून अंगावर येतो.
मी ओरडायच्या आधी तिनं थांबवला.
"दोन वायरी अदलाबदल करते," म्हणाली,
मेन पाडला.
मी झाकणाकडं हात नेला,
तिनं मनगट धरलं.

"दिवा बघा."

आत एक तांबडा ठिपका जळत होता.
मेन बंद, पंखा बंद,
आणि हा आपला जळतोय.
"साठलेलं असतंय काका. दहा मिनिटं."

दहा मिनिटं म्हणजे गाड्यावरचा एक चहा.
तिचं लक्ष माझ्या बोटाकडं गेलं,
पेरावर तुटलेल्या.
"अब्बा म्हणायचे, पट्ट्यात गेलं."
"व्हय. पट्ट्यात."
तेव्हा वेग बदलायचा म्हणजे
बंद करा, पट्टा ह्या पायरीवरनं त्या पायरीवर ओढा,
परत चालू करा.
मी ओढत होतो.
खटक्यापाशी हमीद होता.
त्याला वाटलं, माझं झालं.

दवाखान्यात तो बाकावर बसून राहिला
ऑइलचे हात मांडीत घेऊन.
सगळ्यांना मी सांगितलं, माझीच घाई.
त्यानं ते ऐकलं, काही बोलला नाही.
पुढं अकरा वर्षं आम्ही एकाच लेथवर काम केलं
आणि पट्टा बदलताना
तो खटक्याच्या बाजूला कधी उभा राहिला नाही.

"कसा हाय तो?"
"शिरोळला, थोरल्याकडं. मोतीबिंदू काढला डाव्या डोळ्याचा.
तुमची चौकशी करतेत."
"काय म्हणतो?"
"हेच. काका पट्टा कसा बदलतेत आता, एकट्यानं."

कपातली साय बोटानं काढली मी.
ठिपका मंद झाला होता, विझला नव्हता.
सांगावं असं जिभेवर आलं होतं.
मग विझला. तिनं मीटर लावून खात्री केली,
आणि मीसुद्धा चहाचे पैसे द्यायला उठलो.

या वेळी सरळ.
तिनं बटण माझ्या हातात दिलं, रेडिओचं असतं तसलं.
पाचवर चक इतका सावकाश फिरला
की तिन्ही जबड्यांचे नंबर वाचता आले,
दोन नंबरचा झिजलाय हेही दिसलं.
बारीक शिट्टी वाजत होती मोटरीत, पूर्वी नव्हती.
"वाजू दे," म्हणाली. "ती तशीच वाजतीया."

जाताना खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून गेली:
बंद केल्यावर दहा मिनिटं हात घालू नये.
खाली तिचा नंबर.
मी त्याच्याखाली, पेन्सिलीनं,
शिरोळचा नंबर उतरवून घेतला
आणि पहिला बुश चकात बांधला.