मागणी-चिठ्ठी

चारशे बारा पानांच्या त्या इतिहासात
घोड्यांना नावं आहेत.
कुत्रीलाही आहे, फ्रेया.
ती कधी व्याली, तेसुद्धा तारखेनिशी.
सारिन्तेन, माझ्या आईची आजी,
एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर येते,
दीड ओळ:
"घरातली बाई कॉफी ठेवून गेली."

कुठे गेली, ते पुढे नाही.
खरं तर बावीस वर्षं ती कुठेच गेली नाही
मालांगच्या दक्षिणेला, डोंगराच्या पोटाशी,
ब्राउवरसाहेबाच्या मळ्यातल्या त्या घरातून.

एक फोटो आहे. साहेब, वेताची खुर्ची, फ्रेया.
उजव्या कडेला एक कोपर,
कबायाची बाही,
आणि फोटो संपतो.
त्या कोपराकडे मी इतका वेळ पाहत राहिले
की दफ्तरखान्यातले प्रासोजो उठून आले,
काही हरवलंय का, म्हणाले.

मुलांच्या कागदांवर बापाची झोकदार सही.
आईच्या जागी: देशी स्त्री.
तीन मुलं, तीन कागद.
तीच देशी स्त्री, की दर वेळी वेगळी,
कुठल्या कारकुनानं विचारलं नाही.

आणि एकशे तिसऱ्या पानावर लेखक कौतुकानं लिहितात:
"हिवतापाच्या एकोणीस दिवसांतही
ब्राउवर यांनी पोत्यांचा हिशेब चुकू दिला नाही."

ती वही मी मागवली.
एकोणीस दिवस त्यात एक अक्षर नाही.
नुसत्या रेघा. चार उभ्या,
पाचवी खाली वळलेली,
मासे धरायच्या गळासारखी.

क्लोजेनच्या बाजारामागे आईचं धुलाईचं दुकान होतं.
कुणाचे किती सारोंग, किती चादरी,
सगळं दाराच्या आतल्या अंगाला, खडूनं.
चार उभ्या. पाचवी गळासारखी.
शाळेत जायला लागले तेव्हा मी तिला हसले होते:
अशी काय वळवतेस, सरळ आडवी मार की!
ओल्या हातानं खडू सावरत ती म्हणाली,
आमच्यात अशीच मारतात.
आमच्यात म्हणजे कुणात,
मी विचारलं नाही.
मीही कारकूनच निघाले.

आज पेन्सिल समासापर्यंत नेली होती.
प्रासोजो नुसते खोकले.
बरोबर आहे त्यांचं, नियम आहे,
आणि माझं अक्षर तरी
कुठे तिच्या वळणाचं आहे.

सूचीत सारिन्तेन नाही.
'स्त्रिया' काढलं, तर म्हणे 'नोकर' पाहा,
'गुप्तरोग' पाहा.
मग चिठ्ठीवर विषयाच्या रकान्यात
दर वेळी लिहिते तेच लिहिलं.

प्रासोजो वही टेबलावर ठेवून गेले.

अजून तसंच आहे.
कॉफी मागवली
की ती येते.