झांजेखाली

एकतीस वर्षं मी ऑस्विन प्रॉक्टरचा आवाज वाढवत आलो.
कामच ते माझं : चोवीस फेडर, दोन हात,
आणि समोर चिखलात नाचणारं अख्खं शेत.
व्हायोलिनलासुद्धा वीज पाजली होती आम्ही तेव्हा.
मेंढपाळांची दोनशे वर्षं जुनी गाणी
ट्रॅक्टरसारखी धडधडत जायची
कंब्रियाच्या डोंगरांवरून.

आज थर्लबेकच्या मेथडिस्ट हॉलमध्ये साठ खुर्च्या,
त्यातल्या अकरा रिकाम्या.
मागे चहाचं पिंप उकळतंय.
सोडतीसाठी टेबलावर मुरंब्याच्या तीन बाटल्या
आणि कुणीतरी विणलेली कानटोपी.
मी सवयीनं व्हॅनभर केबल आणल्या होत्या.
ऑस्विन म्हणाला, "राहू देत रे, क्लाइव्ह.
नुसता बस."

नुसतं कसं बसतात
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच्या डाव्या कानात शीळ आहे,
सत्त्याऐंशी सालापासून, अखंड,
चुलीवर किटली विसरून कुणी घराबाहेर गेल्यासारखी.
डॉक्टर म्हणाले, ही जाणार नाही.
मग दोन हिवाळे तो स्वयंपाकघरात बसला
मामाची जुनी लाकडी गिटार घेऊन,
तारा उतरवत गेला, उतरवत गेला,
ती शीळ त्यांच्यात बसेपर्यंत.
"आता ती माझ्याबरोबर गाते," म्हणतो.
"पैसे मागत नाही. ड्रमरपेक्षा बरी."

ड्रमर पहिल्या रांगेतच होता.
इनॉक स्टॅग. दोन्ही गुडघे नवे, मांडीवर छत्री.
तो हसला सगळ्यांच्या आधी.

अंगठा आणि दोन बोटं, एवढंच.
तारेवरून बोट घसरल्याची खरखरही ऐकू येत होती,
जी मी आयुष्यभर पुसत आलो.
आवाज त्याचा आता तळघरात उतरलाय.
वरच्या जागा तो घेत नाही,
त्यांच्याकडे एकदा बघतो
आणि खालच्या वाटेनं पुढे जातो.

मग मागून कुणीतरी ओरडलं : "खाणीचं होऊ दे!"
ते तर व्हायचंच होतं.
एकतीस वर्षं मी ते असं ऐकलं आहे :
*परत ये, भावा, परत ये*
आणि तिथे इनॉकची झांज.
मी स्वतः ती झांज अर्धा इंच वर सरकवायचो,
कारण त्या क्षणी शेत उसळायचं,
पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढायची.

आज झांज नव्हती.
*परत ये*पाशी तो थांबला नाही.
त्याच श्वासात, जवळजवळ बोलल्यासारखा :
*परत येऊ नकोस.*

*परत येऊ नकोस, भावा.
बाबा अजून त्या दगडाखालीच आहेत.
तिकडे ऊन असतं म्हणतात.
तिकडेच राहा.*

एका बाईनं चमचा बशीत ठेवला,
केवढा वाजला तो.
इनॉक स्वतःच्या हातांकडे बघत होता,
शेजाऱ्यानं सांभाळायला दिलेली वस्तू असावी तसा.

नंतर व्हॅनपाशी मी विचारलं,
"कधी सांगितलं का नाहीस?"
ऑस्विन गिटारच्या पेटीची कडी लावत होता,
ती एका झटक्यात कधीच लागत नाही.
"सांगत होतो की," म्हणाला,
"आठवड्यातून पाच रात्री."

वळणावरच्या बसथांब्यावर इनॉक उभा दिसला,
सोडतीत लागलेली कानटोपी घालून,
बस तासापूर्वीच गेलेली.
त्याला मागे घेतलं.
गुंडाळलेल्या केबलच्या ढिगावर बसला तो,
छत्री उभी धरून.

माझा हात सवयीनं रेडिओच्या बटणाकडे गेला.
मग मी वायपर लावले.
पाऊस नव्हता तसा,
काच थोडी धुरकटली होती.